खापराच्या कातडीचे

"कळलं," ती म्हणाली आणि मास्तरांनी पान उलटलं.

खरं सांगायचं तर तिला काडीचंही कळलं नव्हतं. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून तिची मान आखडलेली, पाय चपलांतून सुटून थंड फरशीवर टेकलेले, आणि समोरच्या खुर्चीत तिचे सासरे खड्या आवाजात वाचत होते, "मृत्कपालत्वच प्राण्यांचे मांस अभ्यंतरी असून काठिण्य बाह्यांगी वसते. मृदुकपाल प्राण्यांचेही तद्वतच." हे प्राणी नेमके कोण, पाण्यातले की जमिनीवरचे, खाण्याजोगे की पळून जाण्याजोगे, याचा तिला पत्ता नव्हता. पण मास्तर चष्म्यावरून तिच्याकडे बघायचे, आणि त्या बघण्यापुढे माणूस दुसरं काय म्हणणार?

मास्तर म्हणजे सासरे. आयुष्यभर कॉलेजात जुन्या भाषा शिकवल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातेवाइकांच्या प्रकृतीची चौकशी करतात. मास्तरांनी हजारो वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पंडिताचा प्राण्यांवरचा जाडजूड ग्रंथ मराठीत आणायला घेतला. त्या पंडिताने जगातला एकही प्राणी सोडला नव्हता, आणि मास्तरही सोडणार नव्हते.

या कामाची एक रीत ठरलेली होती. ती घातली होती सासूबाईंनी. त्या घरी शिवणकाम करायच्या. संध्याकाळी त्या मशीनवर बसल्या की मास्तर शेजारी बसून दिवसभरात लिहिलेलं वाचून दाखवायचे. मशीन चालू आहे तोवर ठीक. मशीन थांबलं की मास्तरही थांबायचे. मग सासूबाई दातांतला दोरा तोडून म्हणायच्या, "हे नाही कळलं हो." मास्तर फणफणायचे, पायांत चपला सरकवून गल्लीला एक फेरी मारून यायचे, आणि निमूट ते वाक्य पुन्हा लिहायचे. सासूबाई 'कळलं' म्हणेपर्यंत एक शब्दही पक्क्या प्रतीत जात नसे. अर्धा ग्रंथ असा झाला. मग सासूबाई गेल्या, आणि मशीनवर कापड पडलं.

बरेच महिने कागद तसेच पडून होते. एका संध्याकाळी मास्तर सुनेच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. "डॉक्टर, तुम्हाला वेळ असला तर थोडं ऐकाल का? फार नाही, दोन पानं."

ते सुनेला 'डॉक्टर' म्हणत, आणि 'अहो-जाहो' करत. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून त्यांच्यात झालेलं सगळं संभाषण एका पोस्टकार्डावर मावलं असतं. "चहा ठेवू, बाबा?" "ठेवा." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." नवरा म्हणायचा, अगं तो आदर आहे त्यांचा. ती म्हणायची, "आदर कसला? दुसऱ्याच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं मला." त्यामुळे मास्तर दाराशी आले तेव्हा ती इतकी हरखली, की दोन पानं काय, तिने अख्खा ग्रंथ ऐकायचं कबूल केलं. आणि त्या आनंदातच तिने पहिल्या वाक्याला 'कळलं' म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं. मग तोंडाला ती सवयच लागली. मास्तरांचा चेहरा 'कळलं' ऐकताच असा खुलायचा, की 'नाही' म्हणायची तिची छातीच होईना. तिच्या 'कळलं'च्या जोरावर उरलेला अर्धा ग्रंथ भरधाव संपला. त्या 'मृत्कपालत्वच' प्राण्यांचं प्रकरण शेवटचं होतं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गठ्ठा बांधून प्रकाशकाकडे पाठवला.

प्रकाशक मास्तरांचा जुना विद्यार्थी होता. गोल चेहऱ्याचा आणि बोलायचा तेही गोल गोल. महिन्याभराने तो गठ्ठा काखोटीला मारून स्वतःच घरी आला, तेव्हाच सुनेला शंका आली. तो हवेवर बोलला, रस्त्यांच्या खोदकामावर बोलला, कागदाच्या टंचाईवर बोलला. मास्तरांनी त्याला वर्गात थांबवत असत तसंच थांबवलं. "मुद्द्याला ये."

"सर, पहिला अर्धा भाग माझ्या मुलीनं वाचला. शाळेत आहे अजून. मोठमोठ्यानं हसत होती. कासव पाण्यावर येऊन श्वास घेतं तो भाग तर तिनं आईला वाचून दाखवला."

"आणि पुढचा?"

प्रकाशकाने कपाळ पुसलं. "पुढच्यात मीच दोनदा झोपलो, सर. भाषा कळेना. मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून दोघा-तिघांना दाखवलं. सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं."

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "एकेक वाक्य विचारून पुढे गेलोय मी. आमच्या डॉक्टरांना सगळं कळलं."

आमच्या डॉक्टर तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. प्रकाशकाने तिच्याकडे बघितलं, मास्तरांनी बघितलं. जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. जमिनीने काही मनावर घेतलं नाही. ती म्हणाली, "साखर कमी आहे, बाबा," आणि ट्रे ठेवून आत निघून गेली.

मास्तरांना उमगायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं परीक्षेचे पेपर तपासलेला माणूस तो. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त प्रकाशकाला म्हणाले, "ठीक आहे. पहिला अर्धा छाप. बाकीचं राहू दे." आणि उरलेला गठ्ठा त्यांनी स्टुलावर चढून कपाटावर टाकून दिला.

तेव्हापासून संध्याकाळी घरात शुकशुकाट झाला. मास्तर खिडकीशी बसत आणि रस्त्यावरची वाहनं बघत. ती घरी आली की म्हणत, "दमला असाल, बसा." त्या 'बसा'मध्ये काहीच खोच नव्हती, आणि म्हणूनच तिला तो शब्द सोसवेना. नवरा नकाशे काढायच्या कचेरीत कामाला, घरातही दोन्ही बाजूंच्या रेघा जुळवत बसायचा. तो म्हणाला, "जाऊ दे गं. अर्धं तर छापतायत."

"अर्धा दात काढून पेशंटला घरी पाठवतात का?" ती म्हणाली.

तिला झोंबत होतं ते वेगळंच. म्हाताऱ्याला त्या गठ्ठ्याखेरीज दुसरं काही नव्हतं. बायको गेली, तरी तिच्यासाठी म्हणून त्याने पुन्हा लेखणी धरली होती. आणि आपण गोड गोड माना डोलावून ते काम मातीत घातलं. खापर फोडायला दुसरं कुणाचं डोकंही सापडत नव्हतं.

अशात तिच्या दवाखान्यात बेकरीवाला आला. जुना पेशंट, गडगडाटी हसणारा, कडेची दाढ पुन्हा किडलेली. तिने त्याला मागच्या खेपेला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, दोऱ्याने फटी कशा साफ करायच्या, ब्रश कसा तिरका धरायचा, झोपण्यापूर्वी गोड का नको. तो खुर्चीत आडवा पडून मान हलवत होता. "कळलं, कळलं." अचानक तिच्या हातातला आरसा थांबला. ती मान ती ओळखत होती. ती तिचीच मान होती.

"काय कळलं, सांगा बरं," ती म्हणाली.

बेकरीवाल्याने डोळे मिटले, उघडले, आणि हसायला लागला. "खरं सांगू, बाई? पहिलंच नाही कळलं, म्हणून पुढचंही नाही कळलं. पण तुम्ही एवढ्या जीव तोडून सांगत होता. मध्येच अडवलं तर तुम्हाला काय वाटेल?"

"दाढ तुमची किडली ना? मला काय वाटायचंय?"

"तेच तर! आपल्याच तोंडाचं वाटोळं होतं, पण माणसाला भीड पडते."

तिने त्याला उठवून बसवलं, ब्रश त्याच्याच हातात दिला आणि आरशासमोर त्याच्याकडून सगळं करून घेतलं. प्रत्येक पायरीला त्याने नाही कळलं म्हटलं, आणि ती चिडली नाही. उलट तिला बरं वाटलं. समोरचा माणूस पहिल्यांदाच खरोखर ऐकतोय, असं वाटलं. घरी जाताना ती वाटेत कुठे थांबली नाही.

मास्तर खिडकीशी होते. तिने पर्स टाकली, स्टूल ओढलं आणि कपाटावरून गठ्ठा खाली काढला. धुळीने दोघांनाही शिंक आली.

"डॉक्टर, हे कशाला आता?"

"वाचा, बाबा. शेवटचं प्रकरण. ते कपाल-बिपाल."

मास्तरांनी नाइलाजाने चष्मा लावला. आवाजात पूर्वीचा खडेपणा नव्हता. "मृत्कपालत्वच प्राण्यांचे मांस—"

"नाही कळलं."

मास्तरांनी वर बघितलं.

"काय नाही कळलं?" ते हळूच म्हणाले.

"पहिलाच शब्द. मृत्कपालत्वच म्हणजे कोण? तेव्हाही नव्हता कळला. कधीच काही कळलं नव्हतं, बाबा. तुमचं मन मोडवेना, म्हणून हो म्हणत गेले. चुकलं माझं."

मास्तर कागदावर बोट ठेवून, वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगावं तसं सांगू लागले. ग्रीकांचा शब्द आहे ऑस्ट्राकोडर्मा. ऑस्ट्राकोन म्हणजे फुटलेल्या मडक्याचा तुकडा. शिंपल्यालाही ते तोच शब्द वापरत. डर्मा म्हणजे कातडी. शिंपले, कालवं, गोगलगायी, सगळे त्यात येतात.

"म्हणजे खापर?" ती म्हणाली. "खापराच्या कातडीचे?"

"हो. तसंच."

"मग तसंच लिहा ना! मृत्कपालत्वच काय! मला वाटलं एखाद्या साधूचं नाव आहे."

"शास्त्रीय ग्रंथ आहे हा, डॉक्टर."

"त्या पंडिताने तरी शास्त्रीय शब्द कुठे वापरला? त्याने फुटकं मडकं बघितलं, शिंपला बघितला आणि म्हणाला, हे तर खापर पांघरलेलं जनावर. तुम्ही मात्र त्याच्यावर शाल घालून त्याला सभेत नेऊन बसवलंत."

मास्तरांचे कान लाल झाले. एरवी त्यांनी चपला घातल्या असत्या. त्यांनी हात पायांशी नेलाही, पण त्यांना बहुधा पुढचं ऐकायचं होतं. "पुढे?" ते गुरकावले.

"पुढे ते मृदुकपाल. ते कोण?"

"मालाकोस्ट्राका. मऊ खापराचे. खेकडे, कोळंबी वगैरे."

"खेकडा मऊ?"

"तसं लिहिलंय."

"बाबा, खेकड्याच्या नांगीवर माझ्या एका पेशंटचा पुढचा दात तुटलाय. मी स्वतः बसवलाय. मऊ कसा?"

मास्तरांनी पान उलटलं, परत मागे आणलं. मग चष्मा काढून पुसत बसले, आणि पुसता पुसता त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की तिला हसावं की घाबरावं कळेना.

"मलाही नाही कळलेलं," ते म्हणाले. "एवढा मोठा माणूस, म्हटलं, उगाच लिहिणार नाही. मान डोलावली आणि पुढे गेलो."

आधी कोण हसलं ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. सून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मास्तर हसताना खांदे उडवतात, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी सकाळी दोघं मासळीबाजारात गेले. मास्तर पिशवी घेऊन पुढे, सून मागे. मास्तरांनी कालवं घेतली, मग मासेवालीला म्हणाले, "मेलेला खेकडा आहे का?" सगळे लोक जिवंत आहे का विचारतात, म्हणून तिने त्यांच्याकडे जरा संशयाने बघितलं. "खायचा नाही, फोडायचा आहे," त्यांनी खुलासा केला. त्याने संशय कमी झाला नाही. पण तिने कोपऱ्यातला एक काढून दिला, आणि जिवंत हवे असतील तर तेही घ्या, म्हणाली. सुनेने जेवणासाठी तेही घेतले.

घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर जाड फळी ठेवली. मास्तरांनी हातोडी आणली. आधी कालव. सुनेने डोळ्यांवर दवाखान्यातला चष्मा चढवला आणि हातोडी हाणली. फट्दिशी कवच फुटलं, कपच्या चहूकडे उडाल्या, एक थेट मास्तरांच्या चहात पडली. फुटलेल्या कडा करकरीत होत्या.

"मडकंच की हे," ती म्हणाली. "चिनी मातीची दाताची टोपी अशीच फुटते. जरा जास्त दाबली की खलास."

"आता तो."

खेकड्याच्या पाठीवर हातोडी पडली. आवाजच वेगळा आला, बोदा. पाठ खाली दबली, चिरा गेल्या, पण तुकडा काही सुटला नाही. तिने पुन्हा हाणली. कवच आत गेलं, चेपलं, वाकडंतिकडं झालं, आणि सगळे तुकडे एकमेकांना धरून तिथल्या तिथे राहिले. मास्तरांनी तो खेकडा उचलून उजेडात धरला आणि बोटाने दाबून बघितला.

"चेपतो," ते म्हणाले. "फुटत नाही, चेपतो! पुढच्याच वाक्यात लिहिलंय त्यानं. एकाचं कवच फुटतं पण चेपत नाही, दुसऱ्याचं चेपतं पण फुटत नाही. मी त्याचं 'भंगुरत्व' आणि 'संपीडनक्षमता' करून ठेवलंय!"

"अरे देवा."

"म्हणजे मऊ म्हणजे लोण्यासारखा नव्हे. खापराच्या मानानं मऊ."

"मग लिहा तसं. खापराच्या कातडीचे फुटतात, खेकडे चेपतात."

"इतकं उघडं लिहायचं?"

"उघडंच लिहायचं! नाहीतर कळणार कसं?"

"पण त्यात भारदस्तपणा नाही!"

"कशाला हवाय भारदस्तपणा? खेकड्याला?"

"अगं, काही मर्यादा असते की नाही भाषेची!"

"मला नाही कळत ती मर्यादा!"

"तुला नाही कळत कारण तुला ऐकून घ्यायचं नाहीये! हट्टी आहेस तू!"

ठोकाठोकीने आणि आरडाओरड्याने नवरा धावत आला. दाराशी बघतो तर बाप हातात चेपका खेकडा घेऊन उभा, बायको हातोडी घेऊन उभी, दोघांचे आवाज टिपेला. एवढ्या वर्षांत या घरात असा आवाज चढला नव्हता. त्याचा चेहरा पडला. "बाबा, ती तुम्हाला तसं नव्हती म्हणत," तो म्हणाला. "आणि तू, जरा हळू बोल ना."

"तू मध्ये पडू नकोस," मास्तर म्हणाले.

"हो, तू बाहेर हो," बायको म्हणाली. "आमचं काम चाललंय."

तो बाहेर जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने त्याने घरात कुणाला काय झालंय ते समजून घेण्याचा नाद सोडून दिला.

दुपारपर्यंत ते वाक्य झालं. सतरा वेळा खोडलं असेल. मास्तरांनी चपलाही घातल्या होत्या, गल्लीला फेरीही मारून आले होते. शेवटी त्यांनी ते उभ्यानेच वाचून दाखवलं, आणि सून म्हणाली, "हां. आता कळलं." या खेपेला त्यांचा चेहरा खुलला नाही. त्यांनी फक्त मान हलवली, कामाला लागलेला माणूस हलवतो तशी. मग त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि प्रकाशकाला लावला.

सून ओट्यावरच्या कपच्या गोळा करत होती. तिला मास्तरांचं बोलणं ऐकू येत होतं.

"अर्धं छापू नकोस. थांबव. पुस्तक पूर्ण येईल... हो, उरलेलं सगळं पुन्हा लिहायचंय, पहिल्या ओळीपासून... कधी? ते मला काय विचारतोस? आमच्या पोरीला विचार. तिला कळेल तेव्हा."

ती फोनकडे पाठ करून तशीच उभी राहिली. डोळे पुसायला हवे होते, पण दोन्ही हातांना खेकड्याचा वास येत होता.